काकुमातल्या मोजणाऱ्या बाया

लोडवार सोडलं की रस्त्याच्या दुतर्फा वेडी बाभूळ सुरू होते. तीच ती, आपल्याकडे पडीक माळांवर माजलेली, शेळ्यांनी शेंगा खाऊन गावोगाव पोचवलेली. केनियात तिला माथेंगे म्हणतात आणि आपल्याइतक्याच शिव्या घालतात. वाळवंट थोपवायचं म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ती मुद्दाम लावली, पुढे ती कुणाच्याच ऐकण्यात राहिली नाही. आमचा ड्रायव्हर मात्र तिची बाजू घेत होता. तो तुर्काना. त्याचं म्हणणं, आमच्या बाया हिचाच कोळसा पाडून छावणीत विकतात. हीच नसती तर तीन लाख माणसांच्या चुली पेटल्या कशावर असत्या?

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान लोडवारला सोडतं. तिथून काकुमा साधारण सव्वाशे किलोमीटर. आणखी पुढे पंचाण्णव किलोमीटरवर लोकिचोगियो, आणि मग दक्षिण सुदानची सरहद्द. केनियाच्या वायव्य टोकाचा हा तुर्काना प्रांत म्हणजे पशुपालकांचा मुलूख. उंट, शेळ्या, गाढवं, कोरड्या पडलेल्या नद्यांची रुंद वाळू, आणि दुपारी अंगावर येणारा धुळीचा लोट. नदीच्या अशा कोरड्या पात्राला इथे लागा म्हणतात. काकुमाच्या कडेने ताराच नावाची लागा जाते. एरवी तिच्यात पोरं फुटबॉल खेळतात. डोंगरावर पाऊस झाला की तीच लागा घरं घेऊन जाते.

माझं काम अंगणवाडी सेविकांना कुपोषणाचं प्रशिक्षण देण्याचं. धारणी, धडगाव, अक्कलकुवा या भागांत बरीच वर्षं गेली. काकुमात मुलांच्या पोषणावर काम करणाऱ्या एका संस्थेने तिथल्या स्वयंसेविकांचं प्रशिक्षण बघायला, जमलं तर काही सुचवायला बोलावलं, म्हणून २०२५ च्या ऑगस्टात जाणं झालं. सॅम म्हणजे तीव्र कुपोषण, मॅम म्हणजे मध्यम, दंडघेर म्हणजे दंडाच्या घेराचं माप, हे शब्द तोंडात बसलेले. त्यामुळे वाटलं होतं, काम ओळखीचं आहे, फक्त मुलूख परका.

छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या तंबूंच्या रांगा येतात. काकुमात तंबू शोधावे लागतात. मातीच्या विटांची घरं, वर पत्रा, भोवती काटेरी फांद्यांचं किंवा पत्र्याचं कुंपण, आणि मैलोन्‌मैल गल्ल्या. इथिओपियन बाजारात इंजेरा मिळतो, सोमाली दुकानात सांबुसा आणि उंटाच्या दुधाचा चहा. मोबाइल दुरुस्ती, केशकर्तन, लग्नाचे पोशाख भाड्याने देणं, सगळं आहे. जागतिक बँक समूहातल्या एका संस्थेच्या २०१८ च्या अहवालात इथे दोन हजारांवर छोटे-मोठे व्यवसाय निघाले होते. दक्षिण सुदान, सोमालिया, काँगो, बुरुंडी, इथिओपिया, युगांडा, रवांडा, जिथे जिथे बंदूक चालली तिथली माणसं इथे शेजारी-शेजारी राहतात. शहरच आहे म्हणा ना. फरक इतकाच की शहराबाहेर जायला परवाना लागतो आणि हे शहर वसवलं तेच तात्पुरतं म्हणून.

या तात्पुरतेपणाची सुरुवात १९९२ मध्ये झाली, आणि ती मुलांनीच केली. सुदानच्या यादवी युद्धात गावं जळाली तेव्हा दिंका आणि नुएर जमातींची हजारो पोरं, बहुतेक मुलगे, आईबापांपासून तुटून पायी इथिओपियाला गेली. तिथे काही वर्षं छावणीत काढली. १९९१ मध्ये तिथली मेंगिस्तूची राजवट कोसळली आणि त्यांना हुसकावून लावलं. परतीच्या वाटेवर गिलो नदी. पाठीमागे गोळीबार, पुढे पूर आणि मगरी. त्यातून जी वाचली ती पुन्हा सुदानमधून चालत लोकिचोगियोला आली आणि तिथून त्यांना काकुमात आणून वसवलं. दहा हजारांहून जास्त मुलं, आणि बरोबर मोठं माणूस जवळपास नाहीच. त्यांना जगाने 'लॉस्ट बॉइज' म्हटलं. पुढे २००० सालानंतर त्यांतल्या साडेतीन हजारांवर तरुणांना अमेरिकेने नेलं. बाकीचे कुठे कुठे पांगले, काही इथेच राहिले. या मुलांना पहिली खिचडी कुणी शिजवून घातली, असं मी एका जुन्या रहिवाशाला विचारलं. तो म्हणाला, "कुणी म्हणजे? आम्हीच. दहा वर्षांचा पाच वर्षांच्याला घालायचा."

माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे निर्वासितांच्या छावणीचा आणि माझा पहिला संबंध वळिवड्याचा. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियात धाडलेले पोलिश लोक इराणमार्गे सुटले आणि त्यांतले पाचएक हजार, बहुतांशी बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. महावीर उद्यानातला त्यांचा स्तंभ कोल्हापूरकरांना माहीत असतो. पण त्याच लोंढ्यातली हजारो पोलिश मुलं आफ्रिकेतही उतरवली होती, हे मला बरंच उशिरा कळलं. टांगानिकात अरुशाजवळ तेंगेरू, युगांडात मासिंदी आणि कोजा इथे त्यांच्या छावण्या होत्या. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या छावणीत राहणारं मूल गोरं होतं आणि त्याला आसरा देणारा मुलूख काळा. वळिवड्याला शाळा होत्या, स्काउट होते, नाटकं व्हायची, आणि शिकवणारे बहुतेक शिक्षक त्या निर्वासितांतलेच होते. पाच वर्षांनी ती छावणी उठली. मी गेले तेव्हा काकुमाला तेहतीस वर्षं झाली होती. इथे जन्मलेल्या मुलींची मुलं आता दंडघेर मोजायला येतात.

ते मोजणं बघायला आम्ही सकाळी सातलाच निघायचो, कारण दहानंतर गल्लीत उभं राहवत नाही. स्वयंसेविकांची म्होरकी पस्तिशीची एक दिंका बाई होती. ती बोरच्या बाजूची, लहानपणी मावशीच्या पाठीवर इथे आलेली. इंग्रजी छावणीच्या शाळेत शिकली, शिवाय दिंका, जुबाची अरबी आणि स्वाहिली. २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला तेव्हा नवरा-मुलांसह हौसेने परत गेली, घर बांधलं. २०१३ च्या डिसेंबरात तिथे पुन्हा युद्ध पेटलं आणि ती मुलांना घेऊन पुन्हा त्याच लोकिचोगियोच्या रस्त्याने आली. नवऱ्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

तिच्या पिशवीत एक वही, एक पेन आणि फितींची जुडी. फीत आपल्याकडे असते तीच. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, वर हिरवा. नंदुरबारच्या सेविकेला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण मोजण्यात खरी गोम असते ती हाताच्या जोरात. एक नवी पोरगी, विशीचीही नसेल, फीत ओढून घेत होती. म्होरकीने तिचा हात धरून थांबवलं. फितीखाली स्वतःच्या करंगळीचं नख सरकवून बघितलं, फीत किंचित सैल केली, पुन्हा वाचायला लावलं. मघाशी लाल आलेलं मूल पिवळं झालं. मग तिने पोरीला स्वतःचाच दंड पुढे करून पाच-सहा वेळा मोजायला लावला. दर वेळी आकडा तोच येईपर्यंत पुढचं घर घेतलं नाही. फीत कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये, हे मी किती प्रशिक्षणांत पडद्यावर चित्र दाखवून सांगितलंय. नखाची युक्ती माझ्याकडे नव्हती. मी ती वहीत टिपून घेतली.

पुढच्या घरात चौदा महिन्यांची मुलगी. ११.३. या वेळी म्होरकीने स्वतः मोजलं, दोनदा. मग मुलीच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला, तीनपर्यंत मोजलं, उचलला. खड्डा राहिला नाही, म्हणजे सूज नाही. मुलीची आई नुएर होती. २०१३ नंतर तिकडे दिंका आणि नुएर यांच्यात जे रक्त सांडलं त्याचे चटके या गल्ल्यांनाही बसले आहेत. ती आई दारातच उभी होती, आत या म्हणाली नव्हती. म्होरकी कुंपणाबाहेर मातीत बसली, मुलीला मांडीवर घेतलं, आणि बराच वेळ मुलीबद्दल न बोलता भलतंच काही बोलत राहिली. पिठाच्या गिरणीचा दर, पाण्याच्या नळावरची भांडणं. बहुतेक अरबीत. शेवटी आईने एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. खुर्चीवर कुणी बसलं नाही, पण त्या खुर्चीनंतर दवाखान्याची चिठ्ठी आईच्या हातात गेली आणि ती उद्या येते म्हणाली. यायला लागणारे दोन तास, घरी ठेवायची बाकीची मुलं, हा हिशेबही त्याच बोलण्यात झाला. शेजारीण बघेल. शेजारीण कोण, तेही म्होरकीनेच ठरवून दिलं.

मदतसंस्थांच्या अहवालात या सगळ्याची एक ओळ होते: अमुक इतक्या बालकांची तपासणी.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती आई आली. इथे आधी भुकेची परीक्षा होते. नर्स उपचाराच्या आहाराचं पाकीट फोडून आईच्या हातात देते आणि मूल चाटतं का ते बघते. चाटलं तर घरी उपचार, तोंड फिरवलं किंवा सूज असेल तर थेट रुग्णालयाच्या वॉर्डात, जिथे आधी पातळ औषधी दुधावर ठेवतात. पाकीट ९२ ग्रॅमचं, पाचशे कॅलरींचं. शेंगदाण्याची पेस्ट, दुधाची पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार. १९९६ च्या सुमारास आंद्रे ब्रियां नावाच्या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने एका उत्पादकाच्या जोडीने ते तयार केलं. त्यात पाणी घालावं लागत नाही आणि शिजवावं लागत नाही, हा त्याचा खरा मोठेपणा, कारण घाण पाण्यात कालवलेलं दूध मुलांना मारतं. चव म्हणाल तर शेंगदाण्याच्या लाडवात मिल्क पावडर जास्त पडावी तशी. आपल्याकडे या पाकिटावरून बरंच वादंग झालेलं आहे. बाहेरून येणारं पाकीट की घरचा ताजा आहार, या भांडणात मी आहाराच्या बाजूने पुष्कळ बोलले आहे आणि मेळघाटासाठी आजही तेच बोलेन. इथे घरचा आहार म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं.

त्याच टेबलावर ओआरएसच्या पुड्या होत्या. ती पुडी निर्वासित छावणीचंच लेकरू. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या छावणीत कॉलऱ्याचा कहर झाला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून ते आयांच्या, बहिणींच्या हातांनी पाजलं. शिकलेल्या डॉक्टरांचा त्यावर विश्वास नव्हता. तिथला मृत्युदर जवळपास तीस टक्क्यांवरून चारेक टक्क्यांवर आला. मी हे तिथल्या केनियन नर्सला सांगितलं. पुडी ती रोज वाटते, पण ती बंगालच्या छावणीत सिद्ध झाली हे तिला ठाऊक नव्हतं. तिने पुडी उलटीपालटी करून बघितली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

मुलीने पाकीट चाटलं. आठवड्याची पाकिटं घेऊन आई घरी गेली. तिला आणखी तीन मुलं. पाकीट औषध आहे, फक्त या मुलीला द्यायचं, असं नर्सने बजावून सांगितलं. आता तुम्हीच सांगा, चार पोरं समोर बसली असताना एकीला गोड पाकीट द्यायचं आणि तिघांना ते चाटताना बघायला लावायचं, हे कुठल्या आईला जमेल? बाजारात एका टपरीवर ही पाकिटं विकायलाही ठेवलेली दिसली. आमच्यातला एक जण फार चिडला. म्होरकी चिडली नाही. म्हणाली, "पाकीट विकून तिने ज्वारी घेतली असेल. चौघं जेवली असतील."

ज्वारी इथे रेशनवर मिळते. दक्षिण सुदानी माणसाचं ते घरचंच धान्य, तिचं घट्ट मळलेलं उकडपीठ किंवा आंबवलेल्या पिठाचे पातळ घावन करून खातात. आपल्या सोलापूरकराला या माणसांशी बोलायला विषय शोधावा लागायचा नाही. पण रेशन मिळतं ते अख्ख्या दाण्याचं. दळायला पैसे पडतात आणि पैसे नाहीत, म्हणून दळणावळीपोटी गिरणीवाल्याकडे ज्वारीच ठेवावी लागते. लाकूडफाटा किंवा कोळसा घ्यायचा, तोही ज्वारी देऊनच. म्हणजे कागदावरचं रेशन चुलीवर जाईपर्यंत आणखी घटलेलं असतं. २०१५ पासून धान्याचा काही भाग बंद करून त्याऐवजी मोबाइलवर पैसे द्यायची 'बांबा चाकुला' नावाची पद्धत सुरू झाली. लोकांना ती आवडली होती, कारण त्यातून कांदा, दूध, मासे, मनाला येईल ते घेता यायचं.

आता आकडे. माणसाला दिवसाला २१०० कॅलरी, हे आणीबाणीतल्या मदतीचं जगभरचं माप. काकुमात पूर्ण माप मिळणं केव्हाच थांबलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदतीवर कुऱ्हाड चालवली. जागतिक अन्न कार्यक्रमाचा सगळ्यात मोठा देणगीदार तोच. त्या वर्षीच्या जूनमध्ये रेशन पूर्ण मापाच्या २८ टक्क्यांवर आलं आणि मोबाइलवरचे पैसे थांबले. २१०० चे २८ टक्के म्हणजे ५८८. ज्वारीच्या तीन भाकऱ्या आणि चमचाभर तेल, दिवसभराला. मी पोचले तेव्हा नवी व्यवस्था लागू होत होती: कुटुंबांचे गरजेप्रमाणे चार गट, सगळ्यात गरजूंना जास्त, आणि जे स्वतःच्या पायावर उभे आहेत असं ठरलं त्यांना काही नाही. जुलैत यावरून निदर्शनं झाली होती. वाटप केंद्रावर २०१३ पासून बोटांचे ठसे घेतात. आपल्या रेशन दुकानात अंगठा उमटला नाही की म्हातारी जशी हात लुगड्याला पुसून पुन्हा ठेवते, तसंच इथेही चाललं होतं. ठसा उमटला आणि पडद्यावर गट चौथा आला, की पुढे बोलणंच खुंटतं. एका काँगोलीज शिंप्याचा गट चौथा होता, कारण त्याच्याकडे शिलाई यंत्र आहे. कपडे शिवून घ्यायला लोकांकडे पैसे कुठून येणार, हा त्याचा प्रश्न होता, आणि माझ्या मते त्या सगळ्या योजनेवरची तीच सगळ्यात नेमकी टीका होती.

पैसा आटला हे खरं, आणि तो आटवणाऱ्यांना दोष द्यायलाच हवा. पण मला त्याहून खोल अडचण दिसते ती मापाचीच. मदतीचा हिशेब तिमाहीचा, फार तर वर्षाचा. मुलाचं पोट, दात, उंची, शाळा यांचा हिशेब अठरा वर्षांचा. काकुमात आलेला बहुतेक पैसा 'आणीबाणी' या खात्यावर आला आणि तेहतीस वर्षं तसाच येत राहिला. मूल लाल पट्ट्यात गेलं की त्याला पाकीट मिळतं, हिरव्यात आलं की यादीतून नाव जातं, घरी तेच तुटपुंजं रेशन वाट बघत असतं, आणि दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा लाल होऊन येतं. ही ये-जा आपल्याकडेही आहे. पण आपल्याकडे निदान आमदाराला घेराव घालता येतो.

शाळेत फार वेळ गेला नाही. प्राथमिक शाळा एका लुथेरन संस्थेमार्फत चालतात. मुलींसाठी एक निवासी शाळा हॉलिवूडच्या अँजेलिना जोलीच्या देणगीतून उभी राहिली आहे. मी गेले त्या साध्या शाळेच्या एका वर्गात शंभराहून खूप जास्त मुलं जमिनीवर बसली होती, आणि पुढच्या रांगेतलं पोर फळ्याला इतकं चिकटून की मास्तरांना लिहायला वाकडं व्हावं लागे. मास्तर बावीस वर्षांचे, सोमाली, स्वतः इथूनच बारावी. तुमच्याकडे वर्गात किती मुलं, त्यांनी विचारलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीसेक, मी म्हटलं. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मग तुमचे मास्तर दिवसभर करतात काय?" मधल्या सुट्टीत उजी नावाची पेज मिळाली तर हजेरी भरते, नाही मिळाली तर रिकामी होते. यात नवल वाटावं असं माध्यान्ह भोजनाच्या देशातून गेलेल्या मला काही नव्हतं. मुली सातवी-आठवीनंतर कमी होत जातात. दिंका लग्नात मुलीच्या बापाला गाई मिळतात, आणि ज्याच्या सगळ्या गाई युद्धात गेल्या त्याच्या डोळ्यापुढे मुलगी मोठी होत असते.

या मास्तरांना, म्होरकीला, गल्लीगल्लीत हिंडणाऱ्या सगळ्या स्वयंसेविकांना पगार नसतो. निर्वासिताला कामाचा परवाना मिळणं महामुश्कील. २०२१ च्या कायद्याने हक्क दिला आहे, पण परवान्याचा कागद हातात पडणं वेगळं. म्हणून त्यांना संस्था मानधन देतात, आणि शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या केनियन माणसाच्या पगाराच्या मानाने ते अगदीच किरकोळ असतं. अंगणवाडी सेविकांच्या मोर्च्यात चाललेल्या माणसाला हे नव्याने समजावून सांगावं लागत नाही. जगाची मदत या छावणीपर्यंत विमानाने आणि ट्रकने येते, पण ट्रकपासून मुलाच्या तोंडापर्यंतचं अंतर याच माणसांच्या पायांनी कापलं जातं. माझं मत विचाराल तर काकुमातली सगळ्यात भरवशाची मदत ही आहे, आणि खर्चात कपात आली की पहिली कात्री हिलाच लागते. गोदामाचं भाडं, गाड्यांचं डिझेल, नैरोबीचं कार्यालय यांची पाळी नंतर.

एकट्या आलेल्या मुलांचंही तसंच, तीही याच माणसांच्या भरवशावर. दक्षिण सुदानच्या सरहद्दीवर नदापालला जे मूल आईबापांविना पोचतं, त्याची नोंद होते, रेड क्रॉसमार्फत नातेवाइकांचा शोध सुरू होतो, आणि तोवर त्याला शक्यतो त्याच्याच भाषेच्या एखाद्या कुटुंबात ठेवतात. मी एका घरी गेले तिथे बारा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या दोन धाकट्या बहिणी अशा ठेवलेल्या होत्या. त्या बाईची स्वतःची चार. तिला विचारलं, या तिघांचं रेशन वेगळं येतं का? येतं, ती म्हणाली, पण भांडं एकच आहे. मोठ्या मुलाला ती सारखी कामं सांगत होती, पाणी आण, शेळी बांध, आणि तो सांगितलेलं करत होता. तिचं कारण साधं होतं. काम सांगितलं नाही तर पोराला वाटतं आपण पाहुणे आहोत, मग ते पोटभर मागत नाही.

दवाखान्याच्या रांगेत मण्यांच्या माळांचे थर गळ्यात घातलेल्या तुर्काना बायाही असत. स्थानिकांचा हा विषय मदतीच्या पत्रकांत सहसा येत नाही. २०२० च्या अखेरीपासून लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले तेव्हा यांची जनावरं मेली. छावणीबाहेरचं तुर्काना मूल कित्येकदा आतल्या मुलापेक्षा वाळलेलं असतं, आणि त्याच्या आईला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या लेखी काहीच नाव नाही, कारण ती कुठून पळून आलेली नाही. कालोबेयेई ही शेजारची वसाहत २०१५-१६ च्या सुमारास आखली ती निर्वासित आणि स्थानिक दोघांनी शाळा-दवाखाने एकत्र वापरावेत म्हणूनच. ते वापरतातही. एका खाटेवर सोमाली मूल, शेजारच्या खाटेवर तुर्काना, आणि दोघांच्या आया एकमेकींची भाषा येत नसताना पंख्याच्या दिशेवरून हातवारे करून भांडत होत्या.

निघण्याआधी संस्थेच्या कार्यालयात बैठक झाली. डिसेंबरनंतर मानधनाला पैसे नाहीत, असं तक्ता दाखवून सांगण्यात आलं. मग 'आयांनीच घरच्या घरी दंडघेर मोजावा' या नव्या धोरणाचं सादरीकरण झालं. धोरण वाईट नाही, आईला फीत वापरता येते हे ठिकठिकाणी दिसून आलेलं आहे. पण ते इतक्या सोयीच्या मुहूर्तावर सुचावं, याचं मला हसू आलं. म्होरकीला बोलायला सांगितलं तेव्हा तिने रागलोभाचं काही काढलं नाही. फिती किती मिळतील, लाल आल्यावर आईने चिठ्ठी कुणाकडून घ्यायची, आणि नवीन आलेल्या घरांना कोण शिकवणार, एवढं विचारलं. दोन प्रश्नांची उत्तरं तिथे कुणाकडे नव्हती. तिने ते दोन्ही वहीत लिहून घेतले आणि तारीख टाकली.

बाहेर आल्यावर तिने मला गाठलं. आयांना शिकवायला तुमच्याकडे काय वापरता? चित्रांचा उलटतक्ता, मी म्हटलं. पण त्यावरचा मजकूर मराठी आहे.

"चित्रं आहेत ना? मग पाठव."

कोल्हापूरला आल्यावर पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. एका पानावर नऊवारीतली आजी शेवग्याचा पाला निवडतेय, दुसऱ्यावर आई बाळाला मऊ भाकरी कुस्करून भरवतेय. चार दिवसांनी उत्तर आलं. गोण्यांत माती भरून तिथल्या बाया भाजी लावतात, तिथे शेवगा आधीपासूनच होता, त्यामुळे ते पान तसंच चाललं. ज्वारीची भाकरीही बायांनी लगेच ओळखली. आजीच्या लुगड्यावर मात्र त्यांच्यात बरीच चर्चा झाली होती, ते नेसून चालता येतं का आणि किती लांब असतं. नऊ वार म्हणजे किती मीटर, असं तिने विचारलं होतं. त्या शिंप्यालाही जाणून घ्यायचं होतं.